वडगावहून उद्यमबाग रोज जायचंय, इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी का? जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या दादांचं घर बेळगावच्या वडगावात, काम उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये, वहिनी कॅम्पात शाळेत शिकवतात, मुलगा टिळकवाडीत सातवीला, घरात आई-वडील. १२ वर्षांची एक पेट्रोल स्कूटर आहे ती दोघांना पुरत नाही म्हणून दुसरी गाडी घ्यायचं चाललंय. इलेक्ट्रिक घेतली तर खरंच प्रदूषण कमी होतंय का नुसती जाहिरात, आपल्याकडच्या पावसात टिकते का, सरकारी योजनेत लाइट बिल फुकट असताना चार्जिंगचं बिल येणार का, आणि गाडी सोडून घरात अजून काय करता येईल, एवढं सगळं विचारलंय.

मी दुचाकी दुरुस्तीतला माणूस. आधी नुसत्या पेट्रोलच्या गाड्या करायचो, आता बॅटरीच्याही येतात आणि सायकली तर पहिल्यापासून आहेतच. विकायला माझ्याकडं काही नाही, त्यामुळं जे दिसतंय ते सांगतो.

कुठली गाडी हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला घरातल्या सगळ्यांच्या फेऱ्या लिहा, कोण कुठं गेलं, साधारण किती लांब, एकटं का डबलसीट. बेळगाव पसरलंय म्हणतात पण अजून ते मोठं शहर नाही ओ, वडगाव ते उद्यमबाग चार-पाच किलोमीटर, कॅम्पसुद्धा तेवढंच, आणि बाकीच्या फेऱ्या बघाल तर दूध, मेडिकल, नाथ पै सर्कल, खडेबाजार, मुलाची ट्यूशन, म्हणजे एक-दोन किलोमीटरच्या आतबाहेर. लिहून काढल्यावर बहुतेक घरांत असंच निघतंय की गाडी सगळ्यात जास्त वेळा सुरू होते ती याच बारक्या फेऱ्यांसाठी.

आणि पेट्रोल इंजिनाची वाट लागते ती पण याच फेऱ्यांनी. इंजिन तापायच्या आधीच बंद, परत दहा मिनिटांनी सेल्फ, परत बंद. ऑइल नीट गरम होत नाही, प्लगवर काळी काजळी धरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठून आतनं गंज लागतो, आणि सेल्फला लागणारी बॅटरी भरून यायला वेळच मिळत नाही. लोक म्हणतात कंपनीनं ५० सांगितलं आणि गाडी ३५ देते, तर कार्बोरेटर बघायच्या आधी मी हेच विचारतो की गाडी जाते कुठं कुठं. ट्यूनिंग केलं तर थोडा फरक पडतो, पण त्या फेऱ्या पायी किंवा सायकलवर गेल्या तर जास्त पडतो.

आता प्रदूषणाचा हिशोब. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. गावातल्या गावात स्कूटर ४५ देते धरलं तर किलोमीटरला ५० ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटरला प्लगमधनं मोजलं तर १०० किलोमीटरला साडेतीन युनिट लागतात, आणि आपल्या देशात अजून बरीच वीज कोळशाची असल्यानं सरासरी एका युनिटमागं ७०० ग्रॅमच्या आसपास पडतो, म्हणजे किलोमीटरला २५ ग्रॅम. निम्मं. शून्य नाही. ‘झिरो एमिशन’ लिहिलेलं असतंय ते गाडीच्या मागच्या टोकापुरतं, धूर गल्लीत निघत नाही एवढंच, पण तेही काही कमी नाही, शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर उभारून बघा म्हणजे कळेल.

पण यात एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत. तीन युनिट वीज मावणारी लिथियम बॅटरी बनवतानाच साधारण दोन-अडीचशे किलो कार्बन डायऑक्साइड सुटलेला असतो, आणि किलोमीटरला २५ ग्रॅम वाचवत तो फेडायला दहा हजार किलोमीटरच्या आसपास गाडी पळवावी लागते. जो माणूस रोज २५ किलोमीटर फिरतो त्याचं वर्ष-सव्वा वर्षात फिटतं. दिवसाला पाचच किलोमीटर फिरणाऱ्याला पाच वर्षं लागतात, आणि तोपर्यंत बॅटरीची वॉरंटी संपत आलेली असते. म्हणून माझं मत सरळ आहे, इलेक्ट्रिक गाडी जास्त फिरणाऱ्यानं घ्यावी आणि ती पेट्रोल गाडीच्या जागी घ्यावी, शेजारी उभी करायला नव्हे. दोन गाड्या झाल्या की दोन्ही वापरल्या जातात, आधी जे काम चालत जाऊन व्हायचं त्यालाही किल्ली उचलली जाते, हे घरोघरी बघतोय.

मग वहिनींचं काय? त्यांना गाडी लागतेच का ते आधी बघा. शक्ती योजना ११ जून २०२३ पासून चालू आहे, कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधनं राज्यात फुकट, सिटी बसपण त्यात आली. फक्त ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला लागतो. आपल्याकडं निम्म्या सुना चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या, आधारवर अजून माहेरचा पत्ता, आणि मग कंडक्टरबरोबर वाद. तो पत्ता बदलून घ्या, एकदाच त्रास. (उलट बाजूला महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच, त्यामुळं बेळगावहून कोल्हापूरला जाताना सगळ्या तिकिटाचं अर्धं होणार अशी आशा ठेवू नका.)

बस डिझेलची असते, धूर सोडते, मग ती कशी बरी असं मुलगा विचारेल, तर त्याला हा हिशोब द्या. सिटी बस लिटरला चार-साडेचार किलोमीटर देते, डिझेलच्या लिटरला २.७ किलो, म्हणजे किलोमीटरला ६०० ग्रॅम. सकाळच्या बसमध्ये ४० माणसं असली तर माणशी १५ ग्रॅम. एकट्यानं चालवलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरपेक्षा कमी! गर्दी आहे, वेळेवर येत नाही, कॅम्पाला जायला सीबीटी बस स्टँडवर बदलावी लागते, सगळं खरं, म्हणून रोज जमलं नाही तरी आठवड्यात तीन दिवस जमलं तर तीन दिवस. शाळेतल्या मॅडम लोकांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यांना बस जमवणं आपल्या शिफ्टवाल्यांपेक्षा सोपं जातं.

तुमच्या शिफ्टचं बघा. उद्यमबागेत वडगाव, खासबाग, शहापूरची किती माणसं एकेकटी गाडीवर येतात ते सकाळी रस्त्यावर दिसतंच. त्यातला एक जण तुमच्याच शिफ्टचा आणि तुमच्याच गल्लीच्या आसपासचा असणार. एका पेट्रोल स्कूटरवर दोघं गेलात की माणशी २५ ग्रॅम, म्हणजे एक रुपयाही न घालता तुमची जुनी गाडी इलेक्ट्रिकच्या बरोबरीला आली. आठवडा त्याची गाडी, आठवडा तुमची. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं तेवढं ध्यानात ठेवा. आणि रेल्वे गेट पडलं की गाडी बंद करायची सवय लावा ओ, दोन्ही बाजूला शे-दोनशे गाड्या धुगधुगत उभ्या असतात आणि मध्ये अडकलेली रिक्षातली पोरं तो धूर खातात.

मुलाला सायकल द्या. सातवीतलं पोरगं टिळकवाडीपर्यंत आरामात जाईल, फक्त पहिले पंधरा दिवस तुम्ही बरोबर जा आणि कपिलेश्वर उड्डाणपूल, गोवावेस सर्कल असल्या जागा टाळून आतल्या गल्ल्यांतला रस्ता त्याला दाखवा. सायकल घेताना लोक गिअर बघतात, मी ब्रेक बघायला सांगतो. स्टीलच्या चकचकीत रिमवर रबराचा ब्रेक पावसात लागतच नाही, दाबला तरी सायकल पुढं घसरत जाते, आणि आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिम ओलीच असते. अॅल्युमिनियमची रिम घ्या नाहीतर डिस्क. साध्या एकाच गिअरच्या सायकलला मागं १८ दातांचं फ्रीव्हील असतं, चढाला दम लागत असेल तर २० किंवा २२ दातांचं टाकून घ्या, एका नवीन टायरपेक्षा कमी खर्चात काम होतं आणि पोरगं चढावर उतरून ढकलत नाही. सपाटीवर वेग जरा कमी होईल, होऊ दे. साखळीला पावसाळ्यात दर आठवड्याला आधी फडक्यानं चिखल पुसून मग तेल, चिखलावरच तेल ओतलं तर ते खरकागदासारखं साखळी खातं. तुम्ही स्वतः आठवड्यात दोन दिवस सायकलनं कामावर गेलात तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, बेळगावची हवा पुण्या-सोलापूरसारखी नाही, सकाळी घामही येत नाही.

एवढं सगळं करूनही कॅलेंडरवर रोजचं २०-२५ किलोमीटर उरत असेल, म्हणजे तुम्ही कामाव्यतिरिक्त शेताकडं येळ्ळूर-धामणेला जाताय, वहिनींना सोडताय, तर मग इलेक्ट्रिक घ्या, बिनधास्त घ्या. खर्चात तर फरक आहेच, पेट्रोलवर किलोमीटरला सव्वादोन रुपये जातात, विजेवर युनिटला सहा-सात रुपये धरले तरी २५ पैशांच्या आत.

घेताना काय बघायचं? बॅटरी. रंग, स्क्रीन, गाणी वाजवणारा स्पीकर हे सगळं मागाहून. लेड अॅसिड बॅटरीवाली स्वस्त गाडी नको, ती दीड-दोन वर्षांत बसते आणि जुन्या बॅटरीतलं शिसं भंगारवाल्याच्या अंगणात उघड्यावर वितळवलं जातं, असलं ‘हिरवं’ काय कामाचं. लिथियममध्ये दोन जाती येतात, एनएमसी आणि एलएफपी. एनएमसी हलकी असते, तेवढ्याच वजनात जास्त लांब नेते, पण चार्जिंगच्या फेऱ्या कमी टिकते आणि उष्णता सहन करत नाही. एलएफपी जड, पण हजार-दीड हजार फेऱ्या सहज आणि पेट घ्यायचा धोका कमी. गावातल्या गावात फिरणाऱ्याला मी एलएफपीच सांगतो. कुठली आहे हे सेल्समनला विचारा, त्याला माहीत नसेल तर माहितीपत्रकावर दाखव म्हणा. एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं नवं मानक २०२२-२३ मध्ये टप्प्याटप्प्यानं लागू झालं, त्याआधीची सेकंडहँड गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही. आणि २५ च्या स्पीडची, लायसन-नंबर न लागणारी जी गाडी येते ती आजोबांना मंदिरापर्यंत ठीक, उद्यमबागेच्या रस्त्यावर मागनं ट्रक येत असताना ती नको.

पावसाचं विचारलंय. चांगल्या बॅटरीला आयपी-६७ असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये. म्हणून बळ्ळारी नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं असताना गाडी घालायची असं नव्हे. बॅटरी टिकते, पण वायरींचे जॉइंट, कनेक्टर, मागच्या चाकातल्या मोटरचं बेअरिंग यांत पाणी आणि बारीक गाळ जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुरकुर सुरू होते, तेव्हा माणूस पाऊस विसरलेला असतो. पुढचं चाक निम्मं बुडेल एवढं पाणी असलं तर वळा. प्रेशरवाल्या पाइपानं सर्व्हिसिंग करून घेऊ नका, फडकं आणि बादली बास. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही, चार्जिंगचं तोंड पुसून, अर्धा-पाऊण तास थांबून मग.

चार्जिंगच्या बाबतीत शहापूर-वडगावच्या जुन्या घरांची मला खरी काळजी वाटते. वायरिंग आजोबांच्या काळातलं, अर्थिंग असतंच असं नाही, आणि त्यात खिडकीतनं एक्स्टेंशन सोडून खाली गल्लीत गाडी लावतात. तसं करू नका. मीटरपासून वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडते ती) आणि अर्थिंग तपासून. इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करतो. आणि जिन्याखाली, दाराच्या तोंडाशी रात्रभर चार्जिंग लावायचं नाही, काही झालं तर घरातल्यांना बाहेर पडायला तीच एक वाट असते. घर वरच्या मजल्यावर असेल तर बॅटरी काढून नेता येणारी गाडी बघा, पण ती पण झोपायच्या खोलीत नको.

आता गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती फुकट विजेची योजना. लोकांना वाटतं २०० युनिटपर्यंत सगळं फुकट. तसं नाही. २०२२-२३ ची तुमची महिन्याची सरासरी अधिक दहा टक्के, एवढंच फुकट. समजा तुमची सरासरी ११० होती तर १२१ पर्यंत बिल शून्य, त्याच्या वर आणि २०० च्या आत गेलात तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. रोज २० किलोमीटरला महिन्याला २१ युनिट लागतात, म्हणजे फार तर दीडशे रुपये. घाबरण्यासारखं काही नाही. पण ज्यांच्या घरात आत्ताच १८५-१९० जातायत त्यांनी जपून, कारण २०० ओलांडलं की त्या महिन्याचं सगळंच्या सगळं बिल भरावं लागतं, मग ते २१ युनिट दीड हजाराला पडतात आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या नावानं शिव्या सुरू होतात.

आणि इथंच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. घरात काय करता येईल? गीझर बघा! २० लिटरची एक बादली २२ डिग्रीवरनं ४२ वर न्यायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. अर्ध्या युनिटात इलेक्ट्रिक स्कूटर १४ किलोमीटर जाते. तुमच्या घरात पाच माणसं, रोज अडीच युनिट, म्हणजे तुमची अख्खी स्कूटर जेवढं खाणार त्याच्या तिप्पट नुसत्या अंघोळीत. लोक गाडीवर महिनाभर चर्चा करतात आणि गीझर सकाळी सहा ते आठ चालूच. छतावर जागा असेल तर सोलर हीटर बसवा, वर्षातले सात-आठ महिने गीझरला हात लावायला नको. बोअर किंवा आडाचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार धरतात, वर्षाला एकदा साफ करून घ्यावं लागतं, बसवणारा हे सांगत नाही. जून ते ऑगस्ट ढगच ढग, तेव्हा गीझर किंवा बंब. बंब नारळाच्या करवंट्या-शेंड्यांवर चालत असेल तर चालू दे, पण प्लॅस्टिक घालून पेटवतात ते बंद करा, तो धूर आधी तुमच्याच घरात आणि शेजाऱ्याच्या घरात जातो.

छतावर विजेचं सोलर घ्यावं का? एक किलोवॅट उन्हाळ्यात दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, पण बिल शून्य येत असेल तर पैसे वसूल होणार कशातनं? २०० च्या वर जाणाऱ्या घरानं, दवाखाना-दुकानवाल्यांनी आधी घ्यावं. तुम्हाला आत्ता घाई नाही.

बाकीचं थोडक्यात. भाजी दारावर येळ्ळूर-कडोलीच्या मावश्या आणतात ती घ्या, त्यासाठी गाडी काढून मॉलला जायची गरज नाही. ओला-सुका कचरा वेगळा ठेवलात तरच तुरमुरीच्या कचरा डेपोत त्याचं काही होतं, एकत्र गेला की नुसता ढीग. ओल्याचं खत घरीच करायचं असेल तर भोकं पाडलेल्या बादलीत एक थर कचरा, एक थर वाळका पाला, पाला कमी पडला की वास येतो, बाकी काही शास्त्र नाही त्यात. एसी घेऊ नका, बेळगावात तो लागत नाही.

राहिली जुनी स्कूटर. इलेक्ट्रिक घेतलीत तर ती विका, दारात ठेवू नका. १२ वर्षं झालीत म्हणजे आरसीची १५ वर्षं संपायला तीन उरली, आत्ता गिऱ्हाईक मिळेल, नंतर मिळणार नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून झाल्याची खात्री करा, नुसत्या विश्वासावर किल्ली दिली तर उद्याचा दंड तुमच्या नावावर. आणि घेणारा पाहुणा चंदगडकडचा निघाला, जो बहुतेक निघतोच, तर बेळगावची केए-२२ ची गाडी कोल्हापूरच्या एमएच-०९ मध्ये नेताना आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. त्याला तिकडं रोड टॅक्स परत भरावा लागेल हे सौदा ठरवायच्या आधीच सांगा, नाहीतर पाहुण्यांत वाकडं येतंय.